रानउंदराची मादी अडली तर: पिंजऱ्यातल्या बाळंतपणाची तयारी, पायरीपायरीने

रानातून आणलेल्या किंवा रानातल्या आईबापांपासून पिंजऱ्यात जन्मलेल्या उंदरांची, जरबिलांची, व्होलांची (आखूड शेपटीच्या, गवतात राहणाऱ्या रानउंदरांची), काटेरी उंदरांची जबाबदारी तुमच्यावर पहिल्यांदाच आली असेल आणि त्यातली एखादी मादी गाभण असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. पाळीव उंदीर आणि हॅमस्टर यांच्याबद्दलची माहिती भरपूर मिळते. तीच इथे लावायला गेलं की पंचाईत होते. पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताखाली वाढलेली मादी तुमच्या देखत व्याते. रानटी मादीला तुमची सावली पडली तरी ती घाबरते, आणि घाबरली की तिच्या वेणा थांबतात. भीतीच्या वेळी अंगात जे ॲड्रेनलिन सुटतं ते गर्भाशयाचं आकुंचन थोपवतं. १९६६ साली नाइल्स न्यूटन आणि सहकाऱ्यांनी वेणा देणाऱ्या उंदरीणींवर प्रयोग करून हेच दाखवलं होतं. ओळखीच्या, आडोशाच्या जागेतून हलवलेल्या माद्यांची बाळंतपणं लांबली. ते उंदीर तर प्रयोगशाळेतले, माणसाला सरावलेले होते. रानटी मादीचं काय होत असेल ते यावरून ताडा.

म्हणून या लेखातला मोठा भाग बाळंतपणाच्या आधीच्या दिवसांबद्दल आहे. आधी जेवढं नीट केलं असेल, तेवढी त्या रात्री पिंजऱ्यात हात घालायची वेळ कमी येते. आणि तरीही आलीच, तर ती ओळखता यायला हवी.

१. जात पक्की ओळखा

ही पायरी लोक गाळतात. "रानउंदीर आहे" एवढ्यावर भागत नाही. जात कळली नाही तर गर्भकाळ कळत नाही, नर ठेवायचा की काढायचा ते कळत नाही, पिल्लं नागडी जन्मणार की केसाळ ते कळत नाही.

त्याहून मोठा धोका संकराचा. दिसायला सारख्या दोन जाती एकत्र ठेवल्या आणि त्यांचं जमलं, तर गर्भ प्रमाणाबाहेर वाढू शकतो. याचं सगळ्यात अभ्यासलेलं उदाहरण उत्तर अमेरिकेतल्या पेरोमिस्कस उंदरांचं आहे. डिअर माऊसची मादी आणि ओल्डफील्ड माऊसचा नर यांची पिल्लं नेहमीपेक्षा लहान, पण जगणारी असतात. हीच जोडी उलटी केली, म्हणजे ओल्डफील्डची मादी आणि डिअर माऊसचा नर, तर गर्भ आणि जार (वार) दोन्ही बेसुमार वाढतात, पिल्लं बहुतेक मरतात आणि मादीही अडून मरू शकते. बुटक्या हॅमस्टरांच्या जवळच्या जातींतही असंच आहे: झुंगेरियन मादी आणि कॅम्पबेल नर ही जोडी घातक ठरते. बापाकडून आलेली काही जनुकं गर्भाची वाढ रेटतात आणि आईकडून आलेली ती आवरतात. दोन जातींत हा तोल वेगवेगळा असतो, म्हणून उलटसुलट जोड्यांचे परिणाम इतके वेगळे.

तेव्हा जातीबद्दल शंका असेल तर नर-मादी एकत्र ठेवूच नका. शेपटीची लांबी, मागच्या पावलाची लांबी, कान, दात यांची मापं आणि फोटो घेऊन जाणकाराकडून खात्री करून घ्या. एकाच ठिकाणी सापडले म्हणून एकाच जातीचे, असं धरून चालू नका. एका बांधावर तीन जाती सहज नांदतात.

२. दिवसांचा हिशोब मांडा

साधारण गर्भकाळ असे आहेत:

- घरउंदीर: १९ ते २१ दिवस
- प्रेअरी व्होल: २१ ते २३ दिवस
- डिअर माऊस: २२ ते २४ दिवस
- मंगोलियन जरबिल: २४ ते २६ दिवस
- काटेरी उंदीर: ३८ ते ४२ दिवस
- गिनीपिग आणि त्याचे रानटी भाऊबंद: दोन महिन्यांच्या आसपास किंवा जास्त
- डेगू: ९० दिवसांच्या आसपास
- चिंचिला: १११ दिवसांच्या आसपास

रानातून पकडलेली मादी आधीच गाभण असू शकते. तिच्या बाबतीत संगाची तारीख कधीच कळणार नाही, म्हणून पकडल्याचा दिवस हाच पहिला दिवस धरा आणि त्या जातीचा कमाल गर्भकाळ पुढे मोजा. तोपर्यंत तिला गाभणच समजा: एकटी ठेवा, जागा बदलू नका, उगाच हाताळू नका.

इथे एक सापळा आहे आणि त्यात जवळजवळ प्रत्येक नवखा सापडतो. घरउंदरासारख्या बऱ्याच जातींत मादी व्याल्यानंतर एका दिवसाच्या आत पुन्हा माजावर येते. नर सोबत असेल तर लगेच गाभण राहते. मग पहिलं वेत दूध पीत असतं आणि दुसरे गर्भ आत थांबून राहतात, रुजतच नाहीत. त्यामुळे गर्भकाळ लांबतो. उंदरांत तो आठवडाभर किंवा जास्त पुढे जातो, जरबिलांत चाळिशीपर्यंत. "तारीख उलटली, मादी अडली" असं समजून लोक तिला पकडून पशुवैद्याकडे पळवतात आणि त्या धावपळीतच ती गाभडते. अंगावर पिणारी पिल्लं असतील तर उलटलेल्या तारखेला एकटीला अर्थ देऊ नका. मादी खाते, फिरते, घरटं नीट आहे, वजन वाढतंय, तर थांबा.

उलट प्रकारही होतो. संगानंतर थोड्याच दिवसांत अनोळखी नराचा वास आला तर घरउंदरीण आणि काही व्होलांच्या माद्या गर्भ रुजू देत नाहीत. हिल्डा ब्रूस यांनी १९५९ मध्ये हे दाखवलं, म्हणून त्याला ब्रूस परिणाम म्हणतात. नव्या नराचा पिंजरा शेजारी आणून ठेवणं, त्याला हाताळलेल्या हातमोज्यांनीच मादीचं खाणं भरणं, हे या दिवसांत टाळा.

३. कागदपत्रं आणि पशुवैद्य, दोन्ही आधी

रानटी प्राणी ठेवायला आणि त्यांची वीण करायला बहुतेक ठिकाणी परवानगी लागते. ती कोण देतं हे जागेनुसार बदलतं, पण अडलेली मादी घेऊन मध्यरात्री दारात उभं राहिल्यावर "हा प्राणी तुमच्याकडे कसा?" हा प्रश्न येणार हे गृहीत धरा. एका फायलीत हे ठेवा:

- ठेवण्याची आणि विणीची परवानगी, असल्यास वाहतुकीचा परवाना
- मादीचा तक्ता: जात, कुठून आणि कधी आली, अंदाजे वय, आधीची वेतं, त्यात काय झालं
- नराची माहिती आणि दोघं एकत्र होते त्या तारखा
- वजनाची नोंद
- आधीचे आजार, औषधं, जंताचं औषध दिलं असल्यास त्याची तारीख
- तुमचा लेखी निर्णय: शस्त्रक्रियेची वेळ आली तर मादी वाचवायला प्राधान्य की पिल्लं, आणि वेदना थांबवण्यासाठी मरण द्यावं लागलं तर संमती कोण देणार

शेवटचा मुद्दा लिहिताना जड जातं. पण धास्तावलेल्या मनाने पहाटे तीन वाजता हा निर्णय घेण्यापेक्षा आठवडाभर आधी शांतपणे घेतलेला बरा. संस्थेत काम करत असाल तर वरिष्ठांची सही आधीच घेऊन ठेवा.

पशुवैद्य शोधताना "उंदीर बघता का?" असं विचारू नका, बहुतेक जण हो म्हणतील. असं विचारा: तीस-चाळीस ग्रॅमच्या प्राण्याला गॅसवर भूल दिली आहे का? इतक्या लहान प्राण्याचं सिझेरियन केलं आहे का? रात्री कोण असतं? एक्स-रे आणि सोनोग्राफीची सोय आहे का? दोन ठिकाणांचे नंबर भिंतीवर लावा. उंदरांची बाळंतपणं बहुतेक अंधारात होतात, आणि तेव्हाच दवाखाने बंद असतात.

४. खाणं आणि वजन

पिंजऱ्यात मादी अडण्याचं एक मोठं कारण लठ्ठपणा आहे. रानात जी मादी रात्रभर धावून चार बिया मिळवते तिच्यापुढे आपण सूर्यफुलाच्या बियांचा ढीग ठेवतो. ती त्यातल्या तेलकट बिया निवडून खाते आणि बाकीचं टाकते. ओटीपोटात चरबी साठते, पिल्लाची बाहेर यायची वाट अरुंद होते, गर्भाशयाचे स्नायू लवकर थकतात. शिवाय बियांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं. कॅल्शियम कमी पडलं की वेणांना जोर राहत नाही.

म्हणून मिश्र बियांऐवजी उंदरांसाठीच्या दाबलेल्या गोळ्या हा मुख्य आहार ठेवा, बिया थोड्या. त्या जातीला हिरवं लागत असेल तर रोज थोडं ताजं हिरवं. गिनीपिग आणि त्याच्या रानटी भाऊबंदांना जीवनसत्त्व क बाहेरूनच मिळावं लागतं, ते विसरू नका. मात्र मादी गाभण आहे हे कळल्यावर तिचं खाणं तोडून बारीक करायला जाऊ नका. लठ्ठ गाभण मादीची उपासमार झाली की शरीरातली चरबी झपाट्याने वितळू लागते आणि रक्तात विषार साठतो. गिनीपिगांत हा आजार फार घातक आहे. वजन उतरवायचं ते नर सोबत सोडण्याआधी.

गिनीपिगच्या कुळात वयाचीही अट आहे. पहिलं वेत सहा-सात महिन्यांच्या वयाच्या आत झालं नाही, तर ओटीपोटाच्या पुढच्या हाडांचा सांधा घट्ट होतो आणि पुढे बाळंतपणात तो पुरेसा उघडत नाही. मोठ्या वयाच्या, कधीच न व्यालेल्या मादीला नर दाखवूच नये.

वजन घेण्यासाठी मादीला पकडू नका. पिंजऱ्यात कायम एक नळी ठेवा. मादी आपणहून तिच्यात शिरली की दोन्ही तोंडं हाताने झाकून नळीसकट काट्यावर ठेवायची आणि नंतर नळीचं वजन वजा करायचं. शेपटी धरून उचलल्याने उंदीर घाबरट होतात आणि नळीने उचलल्यास कितीतरी शांत राहतात, हे जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० मध्ये दाखवलं आहे. काटेरी उंदीर आणि जरबिल यांच्यात तर शेपटीची कातडी सोलून हातात येते, आणि काटेरी उंदराची पाठीची कातडीही झटक्यात फाटते. शेवटच्या चार-पाच दिवसांत वजनही घेऊ नका.

५. पिंजरा, घरटं आणि सोबत

एक गोष्ट सगळ्यात उपयोगाची ठरते: सरकत्या दाराची लाकडी किंवा प्लास्टिकची घरट्याची पेटी. मादीला ती गाभण राहण्याआधीपासून द्या. पुढे तिला हलवायची वेळ आली तर पिंजऱ्यात पाठलाग करायचा नाही, ती पेटीत असताना दार सरकवायचं आणि पेटीसकट निघायचं. ती तिच्या स्वतःच्या वासात, अंधारात राहते. अडलेल्या मादीचा जीव कित्येकदा पाठलागातच जातो.

पेटी भरायला मऊ सुकं गवत आणि फाडलेला साधा, बिनवासाचा टिश्यूपेपर द्या. कापूस, लोकर, दोरे, "उंदरांचं बिछान्याचं" म्हणून मिळणारं धाग्याधाग्याचं साहित्य नको. पिल्लाच्या पायाला धागा गुंडाळला की पाय काळा पडून झडतो, आणि मादीच्या मागच्या अंगाला चिकटलेली जार त्यात गुंतते. जाळीच्या तळाचा पिंजरा बाळंतपणाला चालत नाही.

आता नराचं. इथे एकच नियम सगळ्यांना लावू नका. प्रेअरी व्होल आणि कॅलिफोर्नियाचा पेरोमिस्कस उंदीर यांच्यात बाप पिल्लांना ऊब देतो, चाटतो. त्याला काढलं तर पिल्लं दगावण्याचं प्रमाण वाढतं. इतर अनेक जातींत नर राहिला तर मादी व्याल्या व्याल्या पुन्हा गाभण राहते, आणि अवघड बाळंतपणातून उठलेल्या मादीला ते परवडत नाही. काढायचाच असेल तर अपेक्षित तारखेच्या निदान पाच-सहा दिवस आधी काढा, आदल्या दिवशी नको. एकदा काढलेला किंवा नवा नर पिल्लं असताना आत सोडू नका. परका नर पिल्लं मारतो.

काटेरी उंदीर कळपाने राहतात. त्यांच्यात एक मादी व्यात असताना जवळच्या माद्या नाळ तोडतात, पिल्लू चाटून स्वच्छ करतात. त्यांना एकटं पाडू नका. पण ओळखीच्याच माद्या हव्यात, अनोळखी भरती नको.

६. हाताशी ठेवायची सामग्री

- ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा
- अंधारात दिसणारा छोटा कॅमेरा, नाहीतर मंद लाल दिवा. उंदरांना लाल उजेड फारच कमी दिसतो
- घड्याळ आणि वही
- अर्धीच पेटी गरम होईल असा गरम पट्टा, तापमापक
- निर्जंतुक सलाईन, जाळीदार पट्ट्या, पाण्यात विरघळणारं निर्जंतुक वंगण
- पातळ हातमोजे, चांगला मास्क, चष्मा
- प्रवासाची पेटी, वर झाकायला गडद कापड
- मादीला पाणी मिळावं म्हणून काकडीसारखी रसाळ फोड. प्रवासात बाटली गळते आणि बिछाना भिजतो

ऑक्सिटोसिनचं, म्हणजे वेणा वाढवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन या यादीत नाही, आणि ते मुद्दाम. का, ते पुढे येतंच आहे.

७. सुरळीत बाळंतपण कसं दिसतं

अडचण ओळखायची तर आधी नीट काय असतं ते डोळ्यांत बसायला हवं. आदल्या दिवशी मादी घरट्याच्या कामाला लागते, गवत तोंडात धरून सारख्या खेपा घालते, घरट्याला छप्पर करते. खाणं थोडं कमी होतं. मग ती वारंवार वाकून मागचं अंग चाटू लागते. वेण आली की कुशी आत ओढल्या जातात, अंग लांब ताणलं जातं, मागचे पाय किंचित पसरतात. काही सेकंदांत ती सैल पडते आणि पुन्हा चाटू लागते. चार-पाच अशा वेणांनंतर ती पुढे वाकते, दातांनी धरून पिल्लू बाहेर घेते, वेष्टन फाडते, नाळ तोडते, जार खाते. थोडं रक्त दिसतं. लहान उंदरांत पुढचं पिल्लू काही मिनिटांत येतं किंवा अर्धा तासही घेतं. सगळं वेत साधारण एक ते चार तासांत उरकतं.

पिल्लू शेपटीकडून आलं म्हणून घाबरू नका. उंदरांच्या कुळात डोक्याकडून आणि पायाकडून, दोन्ही प्रकारे पिल्लं सुखरूप येतात. काटेरी उंदरांची पिल्लं केसाळ, मोठी आणि जवळजवळ चालण्याच्या बेतात जन्मतात, त्यामुळे त्यांच्या वेणा अधिक जोराच्या दिसतात. तेही ठीक.

या काळात खोलीत कमीत कमी वावर. कॅमेऱ्यातून बघा. वेळ लिहा: पहिली वेण, पहिलं पिल्लू, त्यानंतरचं प्रत्येक. ही वही पशुवैद्याला तुमच्या वर्णनापेक्षा जास्त सांगते.

८. मादी अडली हे कसं ओळखायचं

पुढीलपैकी काहीही दिसलं तर पशुवैद्याला फोन करा:

- लहान उंदीर, जरबिल, व्होल: सतत, जोराच्या वेणा तासभर होऊन एकही पिल्लू नाही
- गिनीपिगच्या कुळातले: जोराच्या वेणा वीस ते तीस मिनिटं होऊनही पिल्लू नाही
- पिल्लाचा पाय, शेपूट किंवा डोकं बाहेर दिसतंय आणि पुढे सरकत नाही
- वेणा सुरू होऊन थांबल्या, मादी थंड, कुबड काढून, केस फुलवून कोपऱ्यात बसली
- पिल्लू न येता भरपूर ताजं रक्त, किंवा घाण वासाचा, काळपट स्राव
- लाल, ओलसर मांसाचा गोळा बाहेर आलेला (म्हणजे अंग बाहेर येणं)
- अंग थरथरणं, तोल जाणं

शेवटच्या चारांत वाट पाहायची नाही, फोन करत करतच निघायचं.

चौथ्या खुणेबाबत, म्हणजे वेणा थांबण्याबाबत, एक अपवाद. वेणा थांबल्या आणि त्याच वेळी खोलीत काही गडबड झाली होती, कोणी आलं, दिवा लागला, शेजारी कुत्रं भुंकलं, आणि मादी सावध, उबदार, हलती आहे, तर आधी सगळं शांत आणि अंधारं करा. अर्ध्या तासात वेणा परत आल्या तर उत्तम. नाही आल्या तर फोन. भ्यायलेली मादी आणि थकलेली मादी यांच्यातला फरक डोळ्यांत आणि पाठीत दिसतो. भ्यायलेली कान उभे करून तुमच्याकडे बघत असते. थकलेलीचे डोळे अर्धवट मिटलेले असतात, पाठ कमानीसारखी, आणि तुम्ही जवळ गेलात तरी ती सरकत नाही. रानटी मादी तुम्हाला बघून पळत नसेल, तर तिची तब्येत फार बिघडली आहे असंच समजा.

अडण्याची कारणं थोडक्यात: एकच पण फार मोठं पिल्लू, पिल्लू आडवं किंवा मान दुमडलेलं, मेलेलं पिल्लू, थकलेलं गर्भाशय, कॅल्शियम किंवा साखर कमी, जुना हाडाचा मार किंवा अरुंद वाट, आणि संकर. बाहेरून तुम्हाला यातलं कुठलं ते कळणार नाही. म्हणून स्वतः उपचार करू नका. ऑक्सिटोसिनबद्दल अनेक जण ऐकून असतात: एक टोचणी आणि पिल्लू बाहेर. वाट बंद असताना ते दिलं तर गर्भाशय पिल्लावर आवळतं आणि फाटू शकतं. वाट मोकळी आहे हे तपासल्यावर, बहुधा कॅल्शियम दिल्यावर, पशुवैद्यच ते ठरवतील.

पोट दाबून पिल्लू खाली ढकलणं, तेल लावणं, कोमट पाण्यात मादीला बसवणं, यातलं काही करू नका. पिल्लू अर्धं बाहेर आहे, मादी गलितगात्र आहे आणि दवाखाना तासांच्या अंतरावर आहे, अशी वेळ आली तर पशुवैद्य फोनवर असतानाच, ते सांगतील तसं करा. बहुधा ते असं सांगतील: ओल्या जाळीदार पट्टीत पिल्लू धरा, कडेने वंगण सोडा, वेण येईल तेव्हाच अगदी हलकी ओढ द्या, मादीच्या पोटाच्या बाजूला खाली. एकट्या पायाला किंवा शेपटीला धरून ओढलं तर ते तुटून हातात येतं आणि बाकीचं पिल्लू आत राहतं.

९. दवाखान्यात नेताना आणि तिथे

पेटीचं दार सरकवा, वर गडद कापड टाका, अर्ध्या पेटीखाली ऊब द्या. आधीच बाहेर आलेली पिल्लं आईसोबत पेटीतच जाऊ देत. फक्त मादी त्यांच्यावर लोळतेय किंवा त्यांना चावतेय असं दिसलं तर वेगळी करून ऊब द्या. मादीला उपाशी ठेवू नका. उंदरांना उलटी होत नाही, त्यामुळे भुलीआधी कुत्र्यामांजरांसारखा उपास लागत नाही, उलट एवढ्याशा शरीरातली साखर झपाट्याने उतरते.

सांगताना कहाणी लांबवू नका. जात, गर्भकाळाचा दिवस, पहिल्या वेणेची वेळ, किती पिल्लं आली, शेवटचं कधी, स्रावाचा रंग, शेवटचं वजन. वही पुढे करा.

रानटी मादीला तपासायचं तर बहुधा आधी गॅसची हलकी भूल द्यावी लागते. ती शुद्धीवर असताना कोणी तिला घट्ट धरून पोट चाचपत असेल तर नम्रपणे पण स्पष्ट सांगा की ती रानटी आहे. सिझेरियन होऊ शकतं, पण इतक्या लहान प्राण्यात रक्त कमी, ऊब टिकवणं कठीण, त्यामुळे धोका मोठा. शुद्धीवर आल्यावर रानटी मादी पिल्लं स्वीकारेलच असं नाही. म्हणून दत्तक आईची सोय आधीच बघून ठेवा.

१०. पिल्लांचं

जन्मलेली नागडी पिल्लं स्वतःचं अंग गरम ठेवू शकत नाहीत. थंड पडलेलं पिल्लू आधी हळूहळू गरम करायचं, मग दुधाचा विचार. थंड पिल्लाच्या तोंडात दूध घातलं तर ते पचत नाही, श्वासनलिकेत जातं.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे त्याच किंवा जवळच्या जातीची, दोन-तीन दिवसांच्या फरकाने व्यालेली दुसरी मादी. तिला खाण्यासाठी घरट्याबाहेर येऊ द्या, परकी पिल्लं तिच्या घरट्यातल्या गवतात हलकेच लोळवा, तिच्या पिल्लांमध्ये मिसळून वर गवत पांघरा आणि दूर व्हा. नागड्या पिल्लाच्या पोटाच्या डाव्या बाजूला कातडीखालून पांढरा ठिपका दिसतो, ते दुधाने भरलेलं जठर. काही तासांनी कॅमेऱ्यातून किंवा एका झटक्यात बघून ठिपका दिसला की जमलं. एक-दीड ग्रॅमचं उंदराचं पिल्लू हाताने दूध पाजून वाढवणं जवळजवळ अशक्य असतं. काटेरी उंदीर, गिनीपिग, डेगू यांची केसाळ पिल्लं मात्र हाताने वाढवता येतात.

मादीने मेलेलं पिल्लू खाल्लं तर तिला "पिल्लं खाणारी" ठरवून बाकीची काढून घेऊ नका. मेलेलं पिल्लू खाऊन घरटं साफ ठेवणं ही उंदरांची रीतच आहे. जिवंत, धडधाकट पिल्लं मारत असेल तर वेगळी गोष्ट. त्यामागे बहुतेक वेळा भीती, तहान किंवा पान्हा न फुटणं असतं.

११. व्याल्यानंतरचे दिवस

सगळं सुरळीत असेल तर तीन-चार दिवस घरटं उघडू नका. पाणी आणि खाणं दुप्पट ठेवा, दूध देणाऱ्या मादीला तहान फार. कॅमेऱ्यातून एवढंच बघा की ती घरट्यात वेळ घालवते, पिल्लं विखुरलेली नाहीत.

पिल्लू किंवा जार आत राहिली असेल तर एक-दोन दिवसांत मादी मलूल होते, घाण वास येतो, ती पिल्लांवर बसत नाही. आचळ लाल, गरम, कडक झालं तर स्तनदाह. अंग बाहेर आलं असेल तर सलाईनने ओलं ठेवून लगेच पशुवैद्य, कारण मादी ते स्वतःच कुरतडते.

१२. स्वतःची काळजी

रानटी उंदीर हंता विषाणू, लेप्टोस्पायरा जिवाणू, मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा एलसीएम विषाणू असे रोगजंतू बाहेर काही न दिसता बाळगून असतात, आणि बाळंतपणात रक्त, पाणी, जार, मूत्र सगळं एकदम बाहेर येतं. एलसीएम विषाणूची लागण झालेली उंदरीण पोटातच पिल्लांना तो देते आणि ती पिल्लं आयुष्यभर तो पसरवतात. माणसाच्या गर्भालाही त्याने गंभीर इजा होते. त्यामुळे घरात किंवा कामावर कोणी गरोदर असेल तर या कामापासून आणि त्या खोलीपासून त्यांना पूर्ण दूर ठेवा, त्यात भिडेखातर सूट नको.

मळलेला बिछाना कोरडा झाडू नका. एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण टाकून आधी भिजवा, काही मिनिटं थांबा, मग हातमोजे आणि मास्क घालून पिशवीत भरा. हे मादी आणि पिल्लं दुसऱ्या पेटीत असतानाच करायचं. ब्लीचच्या वाफा त्यांना सहन होत नाहीत. पुढच्या आठ आठवड्यांत तुम्हाला ताप, अंगदुखी, धाप लागली तर डॉक्टरांना उंदरांच्या संपर्काबद्दल आपणहून सांगा.

१३. पुढचं वेत

अडलेल्या मादीच्या तक्त्यावर कारण कळलं असेल तर ते लिहा. मेलेलं पिल्लू मिळालं असेल तर वजन करून, थंड ठेवून पशुवैद्याकडे द्या. मोठं पिल्लू होतं की व्यंग होतं की संसर्ग, हे शवविच्छेदनातून बरेचदा कळतं. अरुंद वाट, सिझेरियन किंवा बाहेर आलेलं अंग, यांपैकी काही झालं असेल तर त्या मादीला पुन्हा नर दाखवू नका. थकवा किंवा लठ्ठपणा कारण असेल तर वजन जागेवर आल्यावर, पिल्लं सुटी झाल्यावर आणि पशुवैद्याने होकार दिल्यावरच. एकाच नराच्या दोन-तीन माद्या अडल्या असतील तर माद्यांकडे बघायच्या आधी त्या नराची जात पुन्हा तपासून घ्या.